सुईच्या मुंग्या

एसटीत गुणाकाकी माझ्या शेजारी डावा गाल तळहातावर टेकून बसल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी खालचा ओठ चिमटीत धरून ओढून बघत होत्या.

"माझो ओठ खय गेलो गो?" त्यांनी मला विचारलं.

"आहे तिथंच आहे काकी. नुसता बधिर झालाय."

"माका तो गावना नाय."

पुढच्या बाकावरचा माणूस मान वळवून हसला. काकींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने घाईने खिडकीबाहेरचे माड मोजायला घेतले. सकाळी सव्वानऊला तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरने काकींची डावीकडची खालची दाढ काढली होती. तीन आठवडे ती ठणकत होती. लवंग झाली, तंबाखू झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, पण डॉक्टरकडे जायचं नाव नाही. शेवटी मीच त्यांना हाताला धरून पहिल्या गाडीत बसवलं. वाडीत माझं फार कौतुक झालं, सख्खी लेक करणार नाही ते हिने केलं वगैरे. खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. काकी दाढ धरून पडून राहिल्या की माझं काम ठप्प व्हायचं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पद्मजा मगदूम, मुक्काम सांगलीकडचा, घर कडक जैन, कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर. आणि मी किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होते. आमची आई नात्यागोत्यात सांगायची की आमची पद्मजा समुद्रातल्या शेवाळावर अभ्यास करते. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक शैवाल असतं आणि त्याच्या काही जातींच्या अंगात विष असतं. एरवी ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कधीतरी हवा-पाणी जुळून आलं की ते भराभर वाढतं. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे त्या बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्या, दिवसभर पाणी गाळून त्यावर पोट भरतात. विष त्यांच्या मांसात साठतं. तिसरीला त्याचं काही होत नाही, खाणाऱ्याला होतं. आधी ओठ, मग बोटं, मग हातपाय आणि शेवटी श्वास. उकळून, शिजवून ते जात नाही.

माझे मार्गदर्शक हब्बू सर म्हणायचे की ज्याने श्वास थांबतो त्यानेच दुखणंही थांबेल, फक्त मोजून द्यायला हवं. मज्जातंतूंवरून जाणारा निरोपच हे विष अडवतं. ते शुद्ध करून थेंबाच्या हजाराव्या भागात टोचलं तर ऑपरेशननंतरची कळ दिवस दिवस जाणवणार नाही, असा त्यांचा होरा होता. त्यासाठी आधी विष हातात हवं, आणि विषासाठी विषारी तिसऱ्या हव्यात, निदान किलोभर. वेळशीच्या खाडीत त्या दर दीड-दोन वर्षांनी सापडतात असं सरांनी कुठून तरी ऐकलं होतं. म्हणून दोन वर्षं मी गुणाकाकींच्या पडवीत पथारी टाकून होते.

आणि दोन वर्षांत मला एकही विषारी तिसरी मिळाली नव्हती. कारण होतं गुणाकाकींचा ओठ.

वेळशीच्या गाबितवाडीत, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीत, चौदा घरं. ओहोटीला बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून तिसऱ्या काढायच्या आणि टोपल्या घेऊन धक्क्यावर यायच्या. पण कुणीही टोपली घरी न्यायची नाही. आधी वाडीतल्या जाणत्या बाईने ओठ लावायचा. म्हणजे टोपलीतली एक तिसरी उघडून तिचं पाणी खालच्या ओठाला चोळायचं आणि दुसऱ्या बाईचं एक पान चघळून होईपर्यंत गप्प बसून राहायचं. ओठाला मुंग्या आल्या, तो जड वाटला, तर सगळ्या टोपल्या परत खाडीत ओतायच्या आणि धक्क्यावरच्या खांबाला एक टोपली पालथी बांधायची. ती दिसते तोवर कुणी पाण्यात उतरायचं नाही. गेली तीस वर्षं तो ओठ गुणाकाकींचा होता. त्याआधी त्यांच्या सासूचा. दोन वर्षांत दोनदा टोपली पालथी झाली आणि दोन्ही वेळा मी संस्थेत गेलेले होते. येईपर्यंत तिसऱ्या खाडीत. वरातीमागून घोडं तसं माझं चाललं होतं. शिष्यवृत्तीचे सात महिने उरले होते आणि प्रबंधात लिहायला माझ्याकडे फक्त खाडीच्या पाण्याचं तापमान होतं.

एसटीत हेच बोलणं निघालं. सुईत काय असतं, काकींनी विचारलं. मी सांगितलं की तुमच्या वाईट तिसऱ्यांत असतं तशाच कामाचं औषध असतं. ते तात्पुरतं बधिर करतं. एक दिवस दातांच्या डॉक्टरच्या सुईतलं औषध तुमच्या खाडीतून येईल.

काकी म्हणाल्या, "मगे तुमचे डॉक्टर आता शिकले. माझो ओठ तीस वर्सां डॉक्टर आसा."

मी म्हटलं, खरंच आहे. आणि मग दाढ काढताना डॉक्टरने मला बजावलेलं आठवलं, ते त्यांना सांगितलं. "सुई उतरायला लागली की ओठाला मुंग्या येतील. घाबरू नका. त्या सुईच्या असतात."

एवढंच वाक्य. बोलले आणि विसरून गेले.

बाराला वाडीत पोहोचलो. ओहोटी लागली होती, बायका पाण्यातच होत्या. काकी घरी न जाता तोंडातला कापूस थुंकून तशाच धक्क्यावर बसल्या. एक वाजून गेला तशा टोपल्या वर आल्या. काकींची सून शालन सगळ्यांत पुढे. चोवीस वर्षांची, काटक, नवरा ट्रॉलरवर खलाशी. तो आठवड्याने यायचा, तेव्हा घरातलं पुरुषाचं कामही तीच बघायची.

ओठ लावण्याआधी दोन प्रश्न विचारायची पद्धत होती. वयाने दुसऱ्या असलेल्या चंद्राकाकी ते विचारायच्या, आणि विचारताना त्यांचा आवाज देवळातल्यासारखा व्हायचा.

"पान खाल्लंस?"

"नाय."

"तिखाट खाल्लंस?"

"नाय."

दोन्ही उत्तरं खरी होती. काकींनी तिसरी उघडली, पाणी बोटावर घेतलं आणि ओठाच्या डाव्या बाजूला चोळलं. तीस वर्षं त्या तिथंच चोळत होत्या. चंद्राकाकींनी पान तोंडात टाकलं. मी शेजारच्या पायरीवर वही घेऊन बसले होते. पान अर्धं झालं असेल, काकी माझ्याकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मुंग्यो येतत गो."

मी पाण्याकडे पाहिलं. हिरवं, स्वच्छ, तळाची वाळू दिसत होती. आठच दिवसांपूर्वी मी त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला होता, त्यात वावगं काही नव्हतं. घड्याळ पाहिलं. सुई देऊन चार तास झाले होते.

"काकी, त्या सुईच्या. मी सांगितलं होतं ना?"

त्यांनी ओठ चिमटीत धरून पुन्हा ओढला. समाधान झालं नसावं. मग ती ओली तिसरी त्यांनी माझ्यापुढे धरली. "तू लाव मगे. तुझो ओठ नवो आसा."

मला हसू आलं. "मी? काकी, आमच्या आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही."

त्याही हसल्या. हसताना त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, त्यावर आणखी दोघीतिघी हसल्या. चंद्राकाकींचं पान संपलं. काकी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरे आसत." बायकांनी टोपल्या उचलल्या.

रात्रीच्या जेवणाला वाडीत तिसऱ्या शिजायच्या. शालन मात्र पहाटेपासून उपाशी होती. तिने वाडगाभर उकडल्या आणि कढणासकट भातावर घेऊन पडवीत बसून खाल्ल्या. काकींना डॉक्टरने गार पेज सांगितली होती. मी माझा आमटीभात जेवत होते. दोन वाजले असतील.

अडीचला शालन म्हणाली की तिचे ओठ चुरचुरतायत. मी तिखटाचं असेल म्हणाले. मग तिने हाताची बोटं उघडमीट करून पाहिली आणि ती आपली नाहीतच असं तिला वाटतंय म्हणाली. मला कळायच्या आधी काकींना कळलं. त्या पेजेची वाटी सोडून उठल्या, अनवाणी धक्क्यावर धावल्या, टोपली पालथी बांधली आणि चौदा घरांच्या दारांत ओरडत गेल्या की चुलीवरचं उतरवा, कुणी तोंडात घालू नका. साठीची बाई, सकाळी दाढ काढलेली. मी शालनला मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं, पण पोटात जायचं ते गेलं होतं. बर्फाचा टेम्पो धक्क्यावर उभा होता, त्यात तिला घातलं. आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर. निम्म्या वाटेत तिची मान माझ्या खांद्यावरून घसरायला लागली. केंद्रात उतरवलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

डॉक्टर नाटेकर माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठे असतील. त्यांनी असं काही पाहिलेलं नव्हतं. चार वाजून गेल्यावर तिचा श्वास थांबला. त्यांनी तोंडावर रबरी मास्क धरून हाताने दाबायची हवेची पिशवी लावली आणि मला विचारलं की हे नक्की काय आहे. मी सांगितलं. यावर उतारा नाही. पण हे विष हृदय बंद पाडत नाही, स्नायू बंद पाडतं, आणि लघवीवाटे निघून जातं. ते जाईपर्यंत बाहेरून श्वास देत राहिलं तर माणूस जगेल.

"किती वेळ?"

"उंदीर सहा मिनिटांत मरतो. माणसाचं मला माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जिल्ह्याच्या रुग्णालयाचा विचार केला, तीन तासांचा घाटरस्ता, आणि तो सोडून दिला. पिशवी दाबायला आम्ही चौघं होतो: डॉक्टर, नर्सबाई, मी आणि काकी. मिनिटाला पंधरा वेळा. दहा मिनिटांत हाताला गोळे यायचे, म्हणून पाळ्या लावल्या. काकींचा हात सगळ्यांत पक्का निघाला, आयुष्यभर कालवं फोडलेला. शालन डोळे मिटून पडली होती. हाक मारली, चिमटा काढला, तरी पापणी हलत नव्हती. नर्सबाईंनी एकदा हळूच डॉक्टरांना खुणेनं विचारलं की आता कशाला. डॉक्टर म्हणाले, नाडी आहे तोवर दाबायचं.

साडेसहाच्या सुमारास डॉक्टर ट्रॉलरच्या कंपनीला फोन लावायला बाहेर गेले आणि नर्सबाई दुसऱ्या पेशंटकडे. खोलीत काकी आणि मी. काकी पिशवी दाबत होत्या, मी मोजत होते. दुपारपासून जे गिळून बसले होते ते मला तेव्हा राहवेना.

"काकी, त्या मुंग्या खऱ्या होत्या."

"होय."

"मी म्हटलं सुईच्या."

"तू म्हणाललंस. पन ओठ माझो होतो." पिशवी दाबणं चालूच होतं. "कोणी इचारूक नाय, म्हणान मी सांगूक नाय. तोंडात सुई आसा ह्या मी सांगूक व्हया होता."

मी रडत होते. आणि रडता रडता जे बोलले ते आज लिहिताना कान तापतात, पण बोलले हे खरं. मी म्हणाले, "काकी, हे वाडीत कळलं तर मला खाडीत पाऊल टाकू देणार नाहीत. माझं दोन वर्षांचं काम जाईल."

समोर त्यांची सून श्वासावाचून पडलेली होती.

काकींचा हात थांबला नाही. त्या म्हणाल्या, "तू गप बस आणि मोज."

मी मोजायला लागले. थोड्या वेळाने त्याच पुन्हा म्हणाल्या, "लोकांचा मी बघतंय."

रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. पिशवी दाबली. पहाटे सहाला माझी पाळी असताना शालनच्या उजव्या हाताची करंगळी हलली. मला भास वाटला. मग अंगठा हलला. साडेसातला तिने एक श्वास स्वतःचा घेतला, मग बराच वेळ नाही, मग दुसरा. डॉक्टर नाटेकर खुर्चीत बसले आणि तोंड झाकून घेतलं. काकी बाहेर व्हरांड्यात जाऊन मोठ्याने रडल्या. मी गेले नाही. मला त्यांच्याजवळ बसायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी वाडीत परत आले ती बर्फाची पेटी घेऊन. बायकांनी शिजवलेल्या आणि कच्च्या तिसऱ्या घराबाहेर काढून ठेवल्या होत्या, कोंबड्या-मांजरांनी तोंड लावू नये म्हणून वर परड्या झाकलेल्या. मी चौदाही दारांतून त्या गोळा केल्या. साडेतीन किलो भरल्या. लाज वाटली नाही असं नाही, पण हात थांबले नाहीत.

पेटी बांधून मी धक्क्यावर गाडीची वाट बघत होते तेव्हा बायका जमल्या. शालन अजून केंद्रात होती. चंद्राकाकींनी सगळ्यांदेखत विचारलं, "गुणा, तुझो ओठ असो कसो चुकलो?"

काकी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं असेलच याची खात्री मला नाही.

"जुनो झालो," त्या म्हणाल्या. "म्हातारपण. आता दुसऱ्याचो बघा."

तीस वर्षांचा मान होता तो, लग्नात पहिली ओटी त्यांची भरायचे, होडी पाण्यात घालताना नारळ त्यांच्या हातून जायचा. तो सगळा त्या तीन वाक्यांत पायरीवर ठेवून त्या उठल्या आणि घरी गेल्या. मी पेटी घेऊन गाडीत बसले.

पुढचं थोडक्यात. साडेतीन किलोंतून अकरा मिलिग्रॅम विष निघालं, शुद्ध. हब्बू सर प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटत फिरले. त्यावर माझा प्रबंध झाला, नोकरी झाली, परदेशी जाणं-येणं झालं. तसल्या विषांपासून भुलीचं औषध करायचे प्रयत्न जगात पुष्कळ झाले. माझ्या अकरा मिलिग्रॅमचा त्यात वाटा किती म्हणाल, तर फारसा नाही. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी श्रीमती गुणवंती मोंडकर यांचे आभार मानले आहेत, 'नमुने गोळा करण्यातील सहकार्याबद्दल'. त्यानंतर आठ वर्षांनी काकी गेल्या. मला पत्र आलं होतं. मी गेले नाही, परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

निवृत्त झाल्यावर मागच्या वर्षी गेले. मध्ये चौतीस वर्षं लोटलेली. धक्का आता सिमेंटचा झालाय. शालन अठ्ठावन्न वर्षांची, अंगाने भरलेली, सासूसारखीच डोळे बारीक करून बघणारी. ओठ तिचा आहे हे मला पत्रांतून माहीत होतं. त्या प्रसंगानंतर वाडीने तो तिलाच दिला, विष आतून पाहिलेली बाई म्हणून.

पडवी तीच होती. तिने चहा दिला. मी चहा संपेपर्यंतसुद्धा थांबले नाही. दाढेचं सांगितलं, एसटीतलं वाक्य सांगितलं, ओली तिसरी पुढे केल्यावर मी हसले ते सांगितलं. म्हटलं, तुझ्या सासूचा ओठ चुकला नव्हता, मी चुकवला. आणि नंतर धक्क्यावर सगळ्यांसमोर मी गप्प बसले.

शालनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कप उचलून बाजूला ठेवला.

"माका म्हाईत आसा," ती म्हणाली.

"काकींनी सांगितलं?"

"ती कित्याक सांगतली? मी आयकलंय." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "डोळो उघडत नाय, बोट हालत नाय, पन कान चालू होते. सगळा आयकी होतंय. नर्सबाई इली-गेली, डॉक्टर बोललो, सगळा. तुमी म्हणाललास, माझा दोन वर्सांचा काम जायत. ताही आयकलंय."

उंदीर किती मिनिटांत मरतो हे आम्ही पुढे प्रयोगशाळेत शेकडो वेळा वहीत लिहिलं होतं. मरताना तो ऐकत असतो का, हा रकाना आमच्या वहीत नव्हता.

"मग तू बोलली का नाहीस?"

"पयलो खूप राग इल्लो. दोन म्हयने तुमच्याकडे बोलूक नाय, आठवता? तुमका वाटला अशक्तपणा." मला आठवलं. पुढच्या फेऱ्यांत तिला शक्तीचं टॉनिक मीच नेऊन दिलं होतं. "मगे सासूक इचारलंय. ती म्हणाली, ता सांगलीचा चेडू रात्रभर पिशवी दाबी होता ना? मगे झाला. आणि सुई माझ्या तोंडात होती, तेच्या नाय." शालन हसली, पहिल्यांदाच. "आणि खरा सांगू? चोविसाव्या वर्सी सगळ्यो म्हाताऱ्यो माझ्या ओठाकडे बघूक लागल्यो. माका ता आवाडला. कित्याक सोडू?"

माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. तिने पदर खोचला आणि उठली. ओहोटी लागली होती, बायका वर यायची वेळ झाली होती. मला म्हणाली, चला.

धक्क्यावर पाच-सहा टोपल्या आल्या होत्या. आता काढणाऱ्या बायका थोड्याच उरल्यात. चंद्राकाकींची नातसून पानाचा डबा घेऊन बसली होती, पंचविशीची, हातात मोबाइल. शालन पायरीवर बसायची तिथं बसली नाही. तिने मला खांद्याला धरून तिथं बसवलं.

"आज ह्यो लावतले," ती बायकांना म्हणाली.

त्या मुलीने जरा चकित होऊन मोबाइल बाजूला ठेवला. मग तिचा आवाज बदलला, देवळातल्यासारखा झाला.

"पान खाल्लंस?"

"नाही."

"तिखाट खाल्लंस?"

"नाही."

मी हात पुढे केला. पण ती मुलगी थांबलेली होती, तिचं विचारून संपलं नव्हतं.

"सुई घेतलंस? दातांची?"

मी शालनकडे पाहिलं. ती खाडीकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "नाही घेतली." आणि त्या मुलीला विचारलं, "हे सुईचं कधीपासून विचारता?"

"ता पूर्वापार आसा," ती म्हणाली.

शालनने टोपलीतली एक तिसरी उचलली, सुरीने उघडली आणि माझ्या हातावर ठेवली. मी तिचं पाणी बोटावर घेतलं आणि ओठाला लावलं, डाव्या बाजूला. खारट होतं. मुलीने पान तोंडात घातलं. ते संपेपर्यंत कुणी काही बोलायचं नसतं, म्हणून आम्ही सगळ्या गप्प बसून राहिलो.